बिल्ल्यावरचं नाव

गेल्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली. मी त्यांना वर्धा रोडवरच्या एका पंचतारांकित हॉटेलात एक रात्र भेट दिली. हॉटेलचं नाव सांगत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. हिवाळी अधिवेशन संपून पांढऱ्या गाड्या मुंबईकडे परतल्या होत्या, त्यामुळे खोली माझ्या खिशाला झेपेल अशा भावात मिळाली.

सकाळी त्यांना घ्यायला गेले, तर आई पलंगावरची चादर ताणून बसवत होती. चहाचे कप विसळून पालथे घातलेले. रात्री पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांनी भला मोठा बदाम काढलेला होता म्हणे. तो सगळा तिने धुवायचे कपडे टाकायच्या पिशवीत भरून घेतला होता. "फेकूनच देतीन नं ते. मी गुलकंद करतो," ती म्हणाली. बाबा खुर्चीत बूट घालून तयार बसलेले. "पाकळ्या उचलेपर्यंत मले झोपूच नाही देल्लं हिनं."

नंतर कधीतरी मी आईला विचारलं, काय लक्षात राहिलं? बाथटब नाही, तलाव नाही, नाश्त्याला मांडलेले पदार्थ तर नाहीच नाही. म्हणाली, "ते साकोलीची पोट्टी."

तेव्हापासून मी आलिशान हॉटेलांच्या गोष्टी वेगळ्या नजरेने वाचायला आणि बघायला लागले. अशा हॉटेलांचा धंदाच मुळात गोष्टींचा आहे. खोली तर लॉजवाल्याकडेही असते. इथे जास्तीचे पैसे पडतात ते घरी गेल्यावर सांगता येईल असं काहीतरी घडावं म्हणून. अशा गोष्टींत सगळ्यात गाजलेली गोष्ट एका जिराफाची आहे.

२०१२ साली एक अमेरिकन कुटुंब फ्लोरिडातल्या रिट्झ-कार्लटनमधून घरी परतलं आणि मुलाचा कापडी जिराफ हॉटेलातच राहिला. जिराफाचं नाव जोशी. (हो, जोशी. मराठी वाचकाने इथे हसून घ्यावं.) मुलगा झोपेना. वडिलांनी थाप मारली, जोशी आणखी थोडे दिवस सुट्टीवर थांबलाय. आणि हॉटेलला विनंती केली की तलावाकाठच्या खुर्चीवर त्याचा एक फोटो काढून पाठवा. काही दिवसांनी जिराफ परत आला, सोबत फोटोंची अख्खी वही. जोशी डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडलाय, जोशी गोल्फची गाडी चालवतोय, जोशी सुरक्षा कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर ड्यूटी करतोय. त्याला हॉटेलचं ओळखपत्रसुद्धा दिलं होतं, त्याच्या नावाचं.

ही गोष्ट हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गांत आणि व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत अजूनही सांगितली जाते. गोष्ट गोड आहेच. तिच्यामागे धोरणही आहे. रिट्झ-कार्लटनमधल्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता एका पाहुण्यासाठी २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते, हे त्या कंपनीबद्दल सगळीकडे सांगितलं जातं. पण मी ती गोष्ट जितक्यांदा ऐकली तितक्यांदा मला जिराफाचं नाव कळलं. त्याच्या डोळ्यांवर काकडी कोणी ठेवली, ते सांगणाऱ्यांनी सांगितलं नाही.

या धंद्याला नाव मिळालं १९९८ साली. जोसेफ पाइन आणि जेम्स गिलमोर या दोघांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त 'अनुभवाच्या अर्थव्यवस्थे'वर लेख लिहिला. आधी माणसं कच्चा माल विकत, मग वस्तू, मग सेवा. यापुढे अनुभव विकला जाईल. त्यांचं उदाहरण वाढदिवसाच्या केकचं. आधी आई पीठ-साखर आणून घरी केक करायची, मग तयार मिश्रण आलं, मग बेकरीचा केक, आणि शेवटी अख्खी पार्टीच बाहेर सोपवली.

नागपूरच्या माणसाला हे समजायला केकची गरज नाही. आपल्याकडे आधी कापूस होता. मग जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे कापडाची मिल सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून मिल 'एम्प्रेस'. तिथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. ती मिल बंद पडली, आणि आता त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे, जिथे आपण कॉफी प्यायला जातो. तिथून वर्धा रोडने विमानतळाकडे निघालं की अनुभव विकणारी हॉटेलं लागतात. कापूस, कापड, मॉल, अनुभव. पाइन-गिलमोर यांच्या चारही पायऱ्या आपल्याला ऑटोने तासाभरात पाहून होतात.

माझे आजोबा नागपुरातल्याच एका मिलमध्ये होते. त्यांचा पितळी बिल्ला अजून घरी आहे, त्यावर नुसता आकडा. ते मशीनला हात आणि पाठ देत. मशीनला त्यांचं हसू नको होतं. अनुभवाच्या कारखान्यात हसू हाच माल आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून १९८३ मध्ये 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिलं. भावना हीच जिथे पगारी कामाचा भाग होते, त्या कामाला त्यांनी नाव दिलं. आपण त्याला भावनिक श्रम म्हणू. तो श्रम दिसत नाही, कारण तो दिसला की मालच खराब झाला. हसू कामाचं वाटता कामा नये.

हा माल येतो कुठून? याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला ताजवरच्या एका लेखात मिळालं. एम्प्रेस मिल काढणाऱ्या त्याच जमशेटजींनी मुंबईत ताजमहाल हॉटेल बांधलं, ते १९०३ मध्ये उघडलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिथले कर्मचारी पळून जाण्याऐवजी पाहुण्यांना बाहेर काढत राहिले आणि त्यांतले अकरा जण मारले गेले. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी डिसेंबर २०११ च्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त त्यावर लिहिलं. ही माणसं अशी का वागली, असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर भरती, प्रशिक्षण आणि शाबासकीच्या पद्धतीत सापडतं. ताज महानगरांपेक्षा लहान शहरांतून माणसं घेतं, कारण वडीलधाऱ्यांचा मान, नम्रपणा, दुसऱ्याचा विचार हे संस्कार तिथे अजून टिकून आहेत. इतरांकडे प्रशिक्षण बारा महिन्यांचं, ताजमध्ये अठरा. चोवीस तासांत एका पाहुण्याचा कर्मचाऱ्यांशी चाळीस-पंचेचाळीस वेळा संबंध येतो, आणि त्या प्रत्येक वेळी माणसाने कंपनीची नाही, पाहुण्याची बाजू घ्यावी, हे शिकवलं जातं.

लेख प्रामाणिक आहे आणि त्या माणसांबद्दलचा आदर खरा आहे. तरी वाचताना मी एका जागी अडकले. लहान शहरांतले संस्कार हा इथे कच्चा माल आहे. विदर्भातून कापूस गाठी बांधून जायचा, तसा आता आग्रह जातो. एखाद्या मुलीला तिच्या आजीने 'पाहुणा उपाशी जाऊ नये' हे वीस वर्षं शिकवलं, त्या वीस वर्षांचं बिल कोणाच्याच खात्यावर नाही. लेखात धैर्य पुन्हा कसं घडवता येईल याचा विचार आहे. ते धैर्य जिथून आलं त्या घराला काय मिळालं, हा प्रश्न त्याच्या चौकटीत बसत नाही.

अँथनी मारस यांच्या 'हॉटेल मुंबई' (२०१८) या चित्रपटात ते घर दिसतं. देव पटेलने केलेला अर्जुन हा वेटर लहान मूल आणि गरोदर बायको असलेल्या घरातून कामाला निघतो. वाटेत एक बूट हरवतो. चपलेत आलेल्या अर्जुनला मुख्य शेफ घरी जायला सांगतो. तो गयावया करतो, एका दिवसाची मजुरी बुडून चालणार नाही. शेवटी शेफ त्याला आपले जादाचे बूट देतो. त्या मापात न बसणाऱ्या बुटांत तो ती रात्र काढतो. चित्रपटातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं दृश्य हेच, गोळ्या सुटायच्या आधीचं. पण गोळ्या सुटल्या की चित्रपट बूट विसरतो आणि 'अतिथी देवो भव'वर येतो. अर्जुनचं घर आपल्याला दाखवलं ते त्याच्या त्यागाचं वजन वाढावं म्हणून. चपलेवरून माणूस घरी पाठवला जाऊ शकतो, ही व्यवस्था काय आहे, हे विचारायला मग सवड उरत नाही.

तो प्रश्न विचारणारा चित्रपट एका आलिशान हॉटेलच्या मागच्या दारातून आत शिरतो. शूजित सरकार यांचा 'ऑक्टोबर' (२०१८), लेखन जुही चतुर्वेदी यांचं. दिल्लीतल्या पंचतारांकित हॉटेलात शिकाऊ म्हणून राबणारी मुलं. डॅन (वरुण धवन) त्यांतला सगळ्यात नालायक. सांगितलेलं काम करत नाही, पाहुण्यांशी धड बोलत नाही. शिउली (बनिता संधू) हुशार, नीटनेटकी. नववर्षाच्या पार्टीत ती तिसऱ्या मजल्यावरून पडते आणि कोमात जाते. पडण्यापूर्वी ती सहज विचारते, डॅन कुठे आहे? एवढंच. पुढे हे कळल्यावर डॅन रोज हॉस्पिटलात जायला लागतो, आणि हॉटेलात ज्याला सेवा जमली नाही तो मुलगा तिथे हिशेब न ठेवता सेवा करतो.

बऱ्याच जणांनी ही प्रेमकथा म्हणून पाहिली आणि कंटाळले. मला ती हॉटेलवरची टीका वाटते, आवाज न करता केलेली. हॉटेल आणि हॉस्पिटल हे शब्द एकाच लॅटिन मुळाचे, पाहुण्याच्या. दोन्हीकडे पांढऱ्या चादरी, वेळापत्रक, गणवेश आणि शेवटी बिल. एका इमारतीत काळजीचं प्रशिक्षण आहे, पण डॅनला ती वाटत नाही. दुसरीत ती त्याला वाटते, पण कोणी मागितलेली नाही. तिच्या घरचेसुद्धा सुरुवातीला 'हा कोण?' असंच बघतात. हॉटेल त्याला काढून टाकतं. शिउली म्हणजे आपला पारिजातक. रात्री फुलून पहाटे गळणाऱ्या त्या फुलाभोवती चित्रपट फिरतो आणि कुठेही जोरात रडत नाही.

तरी 'ऑक्टोबर'शी माझं एक भांडण आहे. पगाराची काळजी खोटी आणि बिनपगाराची खरी, असा एक समज तो नकळत पक्का करतो. साकोलीच्या मुलीने तो माझ्यापुरता मोडला.

ती हाउसकीपिंगला होती. टॉवेल द्यायला आली तेव्हा आईने तिला बसवून चिवडा खाऊ घातला. "बसायची परवानगी नाही मॅम," म्हणाली, पण उभ्याने खाल्ला. 'मॅम'ची 'काकू' झाली. साकोली, मग भाऊ काय करतो, मग धान किती झालं. निघताना लिफ्टपाशी ती मला गाठून हळूच म्हणाली, "दीदी, ऑनलाइन रिव्ह्यू टाकसान तं माझं नाव टाका नं. नाव आलं की मोजतेत." मी तिच्या छातीवरच्या पट्टीकडे पाहिलं. "ते नाही. हा बिल्ला माझा नाही. आधीची सोडून गेली, तिचा आहे. माझा यायचा आहे अजून." मग तिने स्वतःचं नाव सांगितलं.

गाडीत मी गप्प होते. म्हणजे 'काकू' वगैरे सगळं त्या रिव्ह्यूसाठी होतं? आईला विचारलंच शेवटी. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मी काही शिकलेच नाही. "आपण पाव्हण्याले दोन पोळ्या जास्त वाढतो, ते काय फुकट वाढतो? गावात नाव होते नं आपलं. तिनं नाव मांगलं तं काय बिघडलं? टाक."

हॉकशील्ड वाचून मला जे उलगडलं नव्हतं ते इथे उलगडलं. आग्रह कधीच निर्मळ नव्हता, घरातलाही नाही. फरक एवढाच की घरच्या आग्रहाचं नाव वाढणारीला मिळायचं. निदान तिच्या घराला तरी. साकोलीच्या मुलीने खरं हसून जे कमावलं ते एका सोडून गेलेल्या मुलीच्या नावावर जमा होत होतं, आणि त्याच्याही वर हॉटेलच्या. जोशीला मात्र त्याच्या नावाचं ओळखपत्र मिळालं होतं. ताजमध्ये त्या हल्ल्याच्या स्मारकावर तिथे गेलेल्या एकतीस जणांची नावं एकत्र आहेत, पाहुणे आणि कर्मचारी एकाच यादीत. असं एका यादीत यायला मरावं लागू नये, इतकंच.

मी रिव्ह्यू लिहिला. बिल्ल्यावरचं नाही, तिचं नाव लिहिलं, दोनदा. दोन दिवसांनी हॉटेलचं उत्तर आलं. आमच्या कुटुंबाचे आभार, आपल्या कौतुकाचे शब्द आम्ही संपूर्ण टीमपर्यंत पोहोचवू. तिचं नाव उत्तरात नव्हतं. ते कुठे मोजलं गेलं का, कळायला मार्ग नाही. मी इथे हॉटेलचं नाव लिहिलं नाही ते याचसाठी. चुकीच्या बिल्ल्याचा जाब कोणाला विचारला जाईल, हे सांगायला नको.

गुलकंद झाला. बराच झाला. आईने एक छोटी बाटली वेगळी काढून फडताळात मागे ठेवली आहे. कोणी साकोलीकडे जाणारं आहे का, असं ती अधूनमधून विचारते.