चाळणीचा हिशेब

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारी गावात विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे आणि अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आहे. वसाहतीतल्या एखाद्या मुलीने बारावीला ९० टक्के गुण मिळवले, तरी या महाविद्यालयाच्या प्रवेशयादीत त्यांना काही किंमत नाही. (फीचा प्रश्न वेगळाच, तो येथे बाजूला ठेवू.) भौतिकी, रसायन व जीवशास्त्रात मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के मिळाले, की बारावीचे काम संपते. पुढची सगळी क्रमवारी 'नीट'च्या ७२० गुणांवर ठरते.

बारावीत उत्तम आणि नीटमध्ये मागे, असे विद्यार्थी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाला ठाऊक असतात. 'बारावीचे गुण फुगवलेले असतात', असे त्यावर ठरीव उत्तर मिळते. त्यात तथ्य आहे. शंभरांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. ते कसे वाटले जातात हे वाचकांना मी सांगायला नको. पण उरलेल्या ७० गुणांचे काय? प्रयोगशाळेत दोन उपकरणांची मापे जुळली नाहीत तर आपण दोन्ही उपकरणे तपासतो. येथे मात्र एकच तपासले जाते, आणि दुसऱ्याचा निकाल ब्रह्मवाक्य मानला जातो.

म्हणून दुसरे उपकरण तपासू. नीटमध्ये १८० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. आता डोळे मिटून एका पर्यायावर खूण केली तर? चारांत एकदा ४ गुण मिळतील, तीनदा एकेक जाईल. म्हणजे चार प्रश्नांमागे निव्वळ १ गुणाचा लाभ. एक पर्याय नक्की चूक आहे एवढे कळले, तर दर प्रश्नामागे सरासरी लाभ दोन तृतीयांश गुण. दोन पर्याय बाद करता आले, तर दीड गुण. अशा अर्ध्या माहितीचे ४० प्रश्न कोरे सोडणारी मुलगी सरासरी ६० गुण टेबलावर ठेवून घरी जाते.

आणि ती ते का सोडते? कारण 'गुण कापतात, शंका असेल तर सोडून दे' असे आपणच तिला सांगितलेले असते. सल्ला सद्हेतूचा आहे, पण गणिताने चूक आहे. शिकवणीच्या वर्गात हजारो रुपये भरणाऱ्यांना हे गणित पहिल्या महिन्यातच कळते.

दैवाचा भागही लहान नाही. ४० प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले, तर सरासरी लाभ १० गुणांचा. पण त्याचे प्रमाण विचलन सुमारे १४ गुण येते. २०२५ साली सुमारे २२ लाख विद्यार्थी या परीक्षेस बसले. उणे १८० ते ७२० या पट्टीवर ते सारखे पसरले असे मानले, तरी एकेका गुणावर सुमारे २,४०० जण येतात, आणि मधल्या भागात गर्दी याहून दाट असते. १४ गुणांच्या चढउताराने किती हजार क्रमांक हलतात ते पाहावे. हे माप ढोबळ निवडीला चालेल. एकेका गुणावर कोण डॉक्टर होणार हे ठरवण्याइतके ते सूक्ष्म नाही.

दोन मापे एकत्र करण्याचे प्रयत्न अभियांत्रिकीत झाले आहेत. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के वजन होते. महाराष्ट्राने २०१४ व २०१५ साली दोन्हींना निम्मे-निम्मे दिले. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पट्टीवर आणताना तक्रारी आल्या आणि दोन्ही प्रयोग गुंडाळले गेले. पट्टी सुधारणे अवघड होते हे मान्य, पण म्हणून मापच टाकून देणे मला पटत नाही.

दंड १ ऐवजी एक पूर्णांक एक तृतीयांश केला, तर आंधळ्या अंदाजाचा लाभ शून्यावर येतो. तो बदल आपल्या हाती नाही. पण वरचा हिशेब अकरावीच्या वर्गात संभाव्यतेच्या तासाला सहज करून घेता येईल. चार चिठ्ठ्या आणि एक डबा, एवढे साहित्य पुरे.