विसावा कुणाचा, जू कुणाच्या मानेवर?

मंडळी, थकलेल्या जिवाला ख्रिस्ती श्रद्धेत विसावा कसा मिळतो, हा आजचा विषय. यावर बोलणारे बहुतेक वक्ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायाच्या शेवटाकडे येतात. कष्टी आणि ओझ्याने वाकलेल्या माणसांना येशू जवळ बोलावतो, विसाव्याचं वचन देतो, तो प्रसंग सांगतात आणि तिथेच थांबतात. हे थांबणं आम्हांला खटकतं. कारण त्याच बोलण्यात पुढे जू येतं. विसावा देतो म्हणणारा लगेच आपलं जू घ्यायला सांगतो! म्हणजे हा मोकळं सोडत नाही, जुंपतो.

मूळ ग्रीकमध्ये या जुवाला जे विशेषण लावलं आहे, ‘ख्रेस्तोस’, त्याचा अर्थ चांगलं, सोयीचं, कनवाळू असा होतो. ज्यांनी बैल हाकले आहेत त्यांना हे शब्दकोशाशिवाय कळेल. जू नीट बसलं नाही की बैलाची मान सोलून निघते. नीट बसलं तर तोच बैल तेवढंच रान दमाने नांगरतो. काम तेच, जखम नाही. पुढचा बारावा अध्याय उघडून बघा. तिथे शब्बाथाच्या दिवशी कणसं मोडण्यावरून आणि वाळल्या हाताचा माणूस बरा करण्यावरून वाद पेटलेला आहे. विश्रांतीचा दिवस हेच ज्यांनी ओझं करून ठेवलं, त्यांच्याशी तो वाद आहे.

मराठी बायबलने इथे ‘विसावा’ हा शब्द वापरला, तो आम्हांला फार आवडतो. पालखी वाटेत थांबते तो विसावा, आणि रात्री थांबते तो मुक्काम. विसाव्यानंतर चालायचंच असतं. प्रेत नेताना तिरडी खाली ठेवून खांदेकरी बदलतात, तोही विसावाच. ‘आराम’ म्हटलं असतं तर हा अर्थ हातचा गेला असता.

आता हा अर्थ एका पुस्तकावर घासून पाहू. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. या पुस्तकाबद्दल एक तक्रार आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत, की बाईंनी प्रसंग बहारीचे लिहिले, पण धर्मांतराचा आध्यात्मिक अनुभव काही सांगितला नाही. आमच्या मते तो पहिल्याच पानांपासून सांगितलेला आहे, फक्त प्रवचनाच्या भाषेत नाही. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी वस्तू धुवायची, पुन्हा धुवायची, शिवाशिव झाली की सगळं पहिल्यापासून. अख्खं घर, विशेषतः घरातल्या बायका, त्या धुण्यात पिळून निघाल्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ‘अंत नसलेलं कर्म’ शिकवायचो, तेव्हा उदाहरण हेच द्यायचो. शुद्ध झालो असं म्हणायची सोयच नाही, मग विसावा कुठला? आणि हे सगळं बाई कसं सांगतात? हसत. वडिलांवर राग न धरता, हसू येईल असं. ज्याची मान अजून सोलते आहे त्याला असं हसता येत नाही. विसाव्याचा पुरावा हवा असेल तर तो त्या हसण्यात आहे.

पण इथेच आमचा एक आक्षेप आहे, आणि तो भक्तिभावाने झाकून ठेवू नये. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या जिवाला जे हवं होतं ते तिथे मिळालं असेल, ते नाकारणारे आम्ही कोण? पण त्यांचं उतरलेलं ओझं गेलं कुठे? ते बायकोच्या डोक्यावर आलं. पदरात लहान दत्तू, नातेवाइकांचा आसरा, लोकांची बोलणी. एकाच्या विसाव्याची किंमत दुसरीने काही वर्षं मोजली. टिळकांवर गौरवपर लिहिणारे हा काळ चार ओळींत उरकतात. लक्ष्मीबाई उरकत नाहीत. पुस्तकाचा प्रामाणिकपणा आम्ही इथे मोजतो.

नवऱ्याकडे परतल्यावरही त्या आपलं सोवळं सांभाळून होत्या. मग जातिभेद देवाने केला नाही, माणसाने केला, हे त्यांचं त्यांना पटलं. आधी सोवळं सुटलं, १९०० साली बाप्तिस्मा झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे बरं का. नवऱ्याच्या वादविवादाने हे झालं नाही. वडिलांच्या घरापासून चालत आलेलं ओझं त्यांनी स्वतः खाली ठेवलं.

पंडिता रमाबाईंचा दाखला थोडक्यात देतो, कारण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे १९०७ साली त्यांनीच लिहिलं की धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. धर्म बदलला की शांती आपोआप मिळते असं म्हणणाऱ्यांना रमाबाईच उत्तर देतात. आणि शांती मिळाल्यावर बाई स्वस्थ बसल्या का? दुष्काळात मुली गोळा केल्या, केडगावचं मुक्ती सदन उभारलं, अखेरपर्यंत बायबलच्या भाषांतराशी झुंजत राहिल्या.

टिळकांनाही जुनं जू कायमचं मानवलं नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य तिथे चालणार होते. दोनच वर्षांत, १९१९ साली, ते गेले आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं. नवऱ्याचंच ओझं ते, पण या वेळी कुणी त्यांच्या डोक्यावर टाकलेलं नव्हतं.

ऑगस्टिनच्या अस्वस्थ अंतःकरणाकडे आज वळता आलं नाही. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ. त्याआधी जमलं तर ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग वाचून या, निदान त्यातली वडिलांची प्रकरणं.