‘ब्राह्मणकन्ये’चा दोष

ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची ‘ब्राह्मणकन्या’ ही कादंबरी १९३० साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका कालिंदी डग्गे सुशिक्षित आहे. परंतु तिच्या आजोळी रक्षेचा संबंध असल्यामुळे ब्राह्मणसमाजात तिला स्थान नाही. अखेर ती शिवशरणाप्पा या लिंगायत व्यापाऱ्याच्या घरी विवाहावाचून राहते. ते नाते टिकत नाही.

विद्यार्थिदशेत ही कादंबरी वाचली तेव्हा कालिंदीस दोषी ठरविण्यास आम्हांस क्षणभरही लागला नाही. पुढे वकिलीत पोटगीचे दावे पाहिले, आणि दुसऱ्या वाचनात तिला निर्दोष सोडून आम्ही सारा दोष समाजावर टाकला. आमच्या परिचयाचे तरुण वाचक आज हेच करतात. तिसऱ्या वाचनानंतर आम्हांस वाटते की, हे दोन्ही निकाल घाईचे होते.

१८७२ च्या विशेष विवाह कायद्यास १९२३ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून भिन्न जातींच्या हिंदूंना धर्म न नाकारता नोंदणीविवाह करता येऊ लागला होता. विवाहावाचून राहण्याचा निर्णय कालिंदीने उघड्या डोळ्यांनी घेतला. तिला केवळ परिस्थितीची बळी म्हणणे म्हणजे तिची बुद्धीच नाकारणे होय. पण कायद्याचे दार उघडले म्हणून घराचे दार उघडतेच असे नाही.

येथे बीदर-कलबुर्गीकडील वाचकास बसवकल्याण आठवल्यावाचून राहणार नाही. बाराव्या शतकात तेथे ब्राह्मण मधुवरसाची कन्या चर्मकार हरळय्याच्या पुत्रास दिली गेली, आणि त्यापायी बिज्जलाच्या राज्यात दोघा पित्यांना प्राणांस मुकावे लागले, असे परंपरा सांगते. तीही ब्राह्मणकन्याच. परंतु तिच्या मांडवात वडीलधारे उभे होते आणि किंमत त्यांनी मोजली. कालिंदीच्या वाट्यास मांडव आला नाही. किंमत मात्र तिच्याकडूनच वसूल झाली.

तेव्हा दोष तिचा आहे. तो तिच्या एकटीचा नाही. प्रातःकाळी अहल्येचे स्मरण करणाऱ्या आपल्या समाजास एवढे मानणे जड जाऊ नये. मात्र कादंबरीतील कालिंदीस क्षमा करणे सोपे आहे. मुलाकरिता स्थळ पाहताना मुलीच्या आजोळची चौकशी आपण किती खोलवर करतो, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. कालिंदीविषयीचा आपला खरा निकाल तेथे कळेल.