डब्यातले ज्ञान आणि डब्याबाहेरचे

झुरळे मारावीत कशी, याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. ती पाळावीत कशी, याबद्दलही एक बऱ्यापैकी मोठे वाङ्मय आहे. पण ते बहुतांशी अमेरिका-युरोपातले आणि सरडे, पाली, बेडूक पाळणाऱ्या हौशी मंडळींचे. त्यांच्या पाळीव प्राण्यांना जिवंत किडे लागतात, आणि ते रोज विकत घेण्यापेक्षा घरातच पैदास करणे स्वस्त पडते. त्यासाठी लिहिलेल्या पुस्तिका, विक्रेत्यांनी किड्यांबरोबर दिलेली माहितीपत्रके आणि छांदिष्टांचे सल्ले आम्ही गेले काही महिने वाचत आहोत. मुंबई-पुण्यातही इग्वाना किंवा बिबट्या पाल बाळगणारे विद्यार्थी शिक्षकांना भेटू लागले आहेत. तेव्हा या वाङ्मयाची पारख करणे अगदीच अस्थानी ठरू नये.

या मंडळींचा पूर्वीचा भरवसा रातकिड्यांवर होता. पण रातकिड्यांच्या एका विषाणूने २००२ साली युरोपातल्या व्यापारी पैदास-केंद्रांना झोडपले आणि २००९-१० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांचे कंबरडे मोडले. झुरळाला या विषाणूची बाधा होत नाही, ते ओरडत नाही, त्याला वासही कमी येतो. त्यामुळे झुरळाचा भाव वधारला.

त्यातही सर्वांत लाडके म्हणजे ब्लाप्टिका डुबिया. नराला पूर्ण पंख, मादीला नुसते खुंट. व्यापारात त्याला गयानाचे झुरळ म्हणतात, पण त्याचे खरे घर त्याहून बरेच दक्षिणेला, अर्जेंटिना-उरुग्वेच्या बाजूला आहे. पाठ्यपुस्तकातून आपल्या ओळखीचे असलेले पेरिप्लॅनेटा अमेरिकाना अंड्यांची पेटी बाहेर टाकून मोकळे होते. डुबियाची मादी तीच पेटी बाहेर काढते, आडवी फिरवते आणि पुन्हा पोटातल्या पिशवीत ओढून घेते. पिल्ले आतच उबतात आणि जिवंत बाहेर पडतात. एकाच गणातल्या दोन कीटकांत जननाची रीत इतकी वेगळी असू शकते, हे विच्छेदनाच्या ताटलीत कधी कळत नाही. (याच्याही पुढची पायरी डिप्लॉप्टेरा पंक्टाटा या झुरळाची. त्याची मादी पोटातल्या पिल्लांना दुधासारखा प्रथिनयुक्त स्राव पाजते. त्यातल्या प्रथिनस्फटिकांची रचना २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्या कामात बंगळुरूच्या संशोधकांचा वाटा होता. वर्तमानपत्रांनी मात्र त्याचे ‘झुरळाचे दूध, भविष्यातील महाअन्न’ करून टाकले.)

पैदाशीच्या बाबतीत हे सल्ले चांगले आहेत, हे आधी मोकळेपणाने सांगायला हवे. तापमान २८ ते ३२ अंश सेल्सियस ठेवा, २० च्या खाली गेल्यास पैदास थांबते, एका नरामागे तीन ते पाच माद्या ठेवा, अंधार ठेवा, पाणी उघड्या वाटीत न ठेवता फळांच्या फोडींतून द्या, नाहीतर पिल्ले बुडतात. हे सगळे पटण्यासारखे आहे, आणि ते पडताळून पाहायला पाळणाऱ्याला प्रयोगशाळा लागत नाही. तापमान उतरले की दोन महिन्यांत पिल्लांची संख्या घटलेली त्याला दिसतेच. तापवणीच्या गादीचा सल्ला मात्र थंड देशातला आहे. मुंबईत वर्षातला बराच काळ तिची गरज भासणार नाही. आणि कोकणातल्या पावसाळ्यात ‘आर्द्रता वाढवा’ हे वाक्य शब्दशः पाळणाऱ्याच्या डब्यात झुरळांऐवजी बुरशीच वाढेल.

वसाहतीचे गणित मात्र हे लेखक कच्चे सोडतात. ‘शंभर झुरळांनी सुरुवात करा’ एवढे सांगून ते पुढे सरकतात. आपण हिशेब मांडून पाहू. एक वाढता सरडा रोज २० किडे खातो असे धरू. म्हणजे महिन्याला ६००. एका मादीला अडीच महिन्यांतून एकदा २५ पिल्ले होतात असे धरू. म्हणजे महिन्याला सरासरी १०. तेव्हा विणाऱ्या माद्याच ६० हव्यात. पिल्लू खायला घालण्याजोगे होईपर्यंत तीन महिने लागले, तर कोणत्याही क्षणी १८०० पिल्ले वाढीला लागलेली असली पाहिजेत. शिवाय पिल्लाची मादी व्हायला पाच-सहा महिने लागतात. म्हाताऱ्या माद्यांची जागा घ्यायला काही पिल्ले राखून ठेवावी लागतात, आणि मरतूक वेगळीच. शंभर झुरळे आणून दुसऱ्याच आठवड्यापासून त्यांतली वीस-वीस उचलणारा माणूस मुद्दलच खात असतो. मग वसाहत ‘अचानक’ का संपली, असे तो विचारतो. वरचे आकडे बदलून हे गणित आठवी-नववीच्या वर्गात जरूर घालावे. लोकसंख्येच्या धड्यापेक्षा ते मुलांना लवकर कळेल.

डब्यात अंड्यांचे कागदी ट्रे उभे रचावेत, हा सल्ला सर्वत्र आढळतो. त्याने जागा वाढते, असे कारण दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. झुरळाला अंगाला काहीतरी टेकलेले लागते. जर्मन झुरळाची पिल्ले एकेकटी ठेवली तर कळपातल्या पिल्लांपेक्षा सावकाश वाढतात. आणि हा फरक पडण्यात स्पर्शाचा मोठा वाटा असतो, असे फ्रान्समधील लिहोरो व रिव्हो यांनी २००८ साली दाखवले. कारण अर्धवट असले तरी कृती बरोबर ठरली, कारण चुकीची कृती करणाऱ्याला डब्याने लगेच उत्तर दिले असते.

आमची खरी तक्रार यापुढची आहे. जिथे उत्तर उशिरा मिळते, किंवा डब्याबाहेर दुसऱ्याच कुणाला मिळते, तिथे हेच वाङ्मय एकदम ढिले पडते.

पहिली गोष्ट सरड्याच्या हाडांची. झुरळ ‘पौष्टिक’ असल्याचे माहितीपत्रके सांगतात, आणि पुरावा म्हणून प्रथिनांची टक्केवारी छापतात. पण कीटकाला हाडे नसतात. त्याचे कवच कायटिन आणि प्रथिने यांचे असते, त्यात चुना नाही. त्यामुळे बहुतेक कीटकांत फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम पुष्कळ कमी असते. सरड्याला मात्र ते दीडपट-दुप्पट हवे असते. खाद्य-कीटकांची तपशीलवार पृथक्करणे करणारे मार्क फिंके यांनी २०१३ साली तुर्कस्तानी झुरळाचेही पृथक्करण प्रसिद्ध केले, आणि त्यातही कॅल्शियमची उणीव दिसते. झुरळांना कॅल्शियमयुक्त खाद्य घालण्याचा उपाय चालतो, पण कसा? ते कॅल्शियम झुरळाच्या शरीरात मुरत नाही, आतड्यात असते. खाल्ल्यापासून एक-दोन दिवसांत ते झुरळ सरड्याच्या पोटात गेले तरच उपयोग. वसाहतीला वर्षभर चांगलेचुंगले खाऊ घातले म्हणजे झाले, अशी समजूत करून देणे बरोबर नाही. वरून भुरभुरलेली भुकटीही झुरळ थोड्याच वेळात अंग साफ करून झटकून टाकते. आणि एवढे करून सरड्याला योग्य अतिनील किरण मिळाले नाहीत, तर त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम शोषलेच जात नाही. हाडे मऊ होऊन जबडा वाकायला काही महिने लागतात. तोपर्यंत डबा पिल्लांनी भरलेला असतो आणि मालक खूष असतो.

दुसरा मुद्दा युरिक आम्लाचा. कुत्र्या-मांजरांचे खाद्य झुरळांना घालू नका, त्यांच्यात युरिक आम्ल साठते आणि सरड्याला संधिवात होतो, असे ठासून लिहिलेले आढळते. या विधानाच्या दोन पायऱ्या आहेत. जास्त प्रथिने मिळाल्यास झुरळ जादा नायट्रोजन युरेटच्या रूपाने मेदपिंडात साठवते, ही पहिली पायरी भक्कम आहे. तिथेच ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू राहतात, आणि ते टाकाऊ नायट्रोजनापासून अमिनो आम्ले बनवू शकतात, हे २००९ साली त्यांच्या जनुकसंचावरून स्पष्ट झाले. असे झुरळ खाल्ल्याने सरड्याला संधिवात होतो, या दुसऱ्या पायरीला मात्र हे लेखक कोणताही प्रयोग दाखवत नाहीत; पहिलीच्या जोरावर दुसरी खपवतात. सल्ला निरुपद्रवी आहे, पण विधान सिद्ध झालेले नाही. हा भेद अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना करता आला पाहिजे.

तिसरी गोष्ट पाळणाऱ्याच्याच फुप्फुसांची. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या दमेकरी मुलांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत ३६.८ टक्के मुलांना झुरळाची ॲलर्जी निघाली, आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचे अंशही भरपूर होते अशी मुले इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल झाली होती. ती घरातली झुरळे होती, डुबिया नव्हती. हे लक्षात ठेवावे. पण ट्रोपोमायोसिन हे ॲलर्जी आणणारे प्रथिन झुरळे, धुळीतले माइट आणि कोळंबी यांच्यात बरेच सारखे असते. तेव्हा कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठणाऱ्याने हजारभर झुरळांची कोरडी विष्ठा झोपायच्या खोलीत चाळू नये, एवढे सांगायला जादा प्रयोगांची गरज नाही. बहुतेक पत्रकांत यावर एक ओळ असते, ‘मास्क वापरा’ एवढीच. घरातल्या लहान मुलांविषयी काही नसते.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. ‘ही झुरळे गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाहीत, म्हणून निसटत नाहीत’ हे वाक्य डुबियासाठी लिहितात तसेच तुर्कस्तानी झुरळासाठीही लिहितात. चढण्यापुरते ते दोघांच्याही बाबतीत खरे आहे. पण तुर्कस्तानी झुरळाची मादी अंड्यांची पेटी बाहेर टाकते, आणि पेटीला डब्यातून बाहेर पडायला चढावे लागत नाही. जुना ट्रे कचऱ्यात टाकला की ती आपोआप बाहेर जाते. हे झुरळ कॅलिफोर्नियात प्रथम १९७८ साली एका लष्करी डेपोत आढळले, म्हणजे ते तिथे पोचले याचा दोष सरडे पाळणाऱ्यांवर नाही. पण नैऋत्य अमेरिकेत त्याने आधीच्या पौर्वात्य झुरळाला हटवत आणले आहे, असे किम आणि रस्ट यांनी २०१३ साली नोंदवले, आणि खाद्य म्हणून होणाऱ्या त्याच्या विक्रीकडेही लक्ष वेधले. ते लवकर वाढते आणि अंडीही जास्त घालते. नेमके हेच गुण विक्रेत्याच्या पत्रकात जाहिरात म्हणून छापलेले असतात! डुबियाला फ्लोरिडा राज्यात परवान्याशिवाय मज्जाव आहे, तो उगाच नव्हे. तिथले हवामान त्याला मानवण्याजोगे आहे, आणि आपल्या किनारपट्टीचे त्याहून वेगळे नाही.

भारतात जिवंत परदेशी कीटक आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली परवाना लागतो. इग्वानासारख्या प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर सक्तीची झाली आहे. त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेत कुणी ओळखीतून आणलेला डुबियाचा डबा ठेवून घेऊ नये. ज्यांच्याकडे रीतसर वसाहत आहे, त्यांनी जुने ट्रे, कात आणि विष्ठा घट्ट पिशवीत बांधून दोन-तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवावी आणि मगच कचऱ्यात टाकावी. आम्ही वाचलेल्या पुस्तिकांत पैदाशीवर पानेच्या पाने होती. या कामाला बहुतेकींत एक ओळही नव्हती.