संध्यामठाचे पाणी

आबालाल रहिमान यांचे नाव आपल्याकडे दोन प्रकारे घेतले जाते. समीक्षक त्यांच्यात फ्रेंच दृक्प्रत्ययवाद शोधतात. आपण ‘मुसलमान चित्रकार’ म्हणून अभिमान बाळगतो. दोन्हींत चित्र पाहायचे राहून जाते.

त्यांचे ‘संध्यामठ’ पाहावे. कोल्हापूरच्या रंकाळ्यातील हा दगडी मठ पावसाळ्यात पाण्यात बुडतो. चित्रात घटना अशी काहीच नाही. दगड, पाणी, आभाळ आणि शांतता. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ यांच्या चित्रांत आबालाल वस्तूंना रेषेने बांधून ठेवत नाहीत. रंगाच्या लहान लहान स्पर्शांतून उजेड साकारतात.

मोने आणि त्याच्या मित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिसला १८७४ साली भरले. आबालाल १८८०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तेही ब्रिटिश शिस्तीत. ते कोल्हापूरला परतले आणि पुढे कोटितीर्थाच्या काठी राहिले. त्यांच्या चित्रांतला उजेड आम्हांला या काठाचा वाटतो, पॅरिसचा नव्हे.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. “तसवीर काढणे गुनाह आहे का?” असे एखादे मूल विचारतेच. निसर्गचित्रात सजीव नसतो, म्हणून चालते, हे सोपे उत्तर. पण आबालालांच्या बाबतीत ते प्रामाणिक नाही. ते शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार होते; त्यांनी माणसेही रंगवली. केवळ पाणी दाखवून त्यांना आपल्या सोयीचे करणे म्हणजे अर्धे आबालाल लपवणे.

त्यांच्या घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती, असे चरित्रकार सांगतात. आम्हांला दुवा इथे दिसतो. हरफ लिहिणाऱ्याला घाई चालत नाही. पाण्यावरचा उजेड टिपणाऱ्यालाही नाही. एका हिंदू मठापुढे बसून त्यांनी हाच सब्र पाळला. १९३१ साली ते गेले. त्यांची पुष्कळ चित्रे विखुरली, पण जी उरली ती नीट पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

एकदा ड्रॉइंगच्या तासाला मुलांना ‘संध्यामठ’ची छापील प्रत दाखवून वाशीच्या खाडीवर नेले. सगळ्यांनी पाणी निळे रंगवले. “पुन्हा बघा,” म्हटले. एका मुलीने बराच वेळ पाण्याकडे पाहिले, निळा खडू खाली ठेवला आणि राखाडी उचलला. त्या दिवशी आम्ही आबालालांविषयी आणखी काही सांगितले नाही.