द्राक्षारसाची गोष्ट : फिल्ममध्ये काय आहे आणि काय नाही



गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठांच्या क्लबाची सहल एका मोठ्या याकेवला गेली होती. द्राक्षारस कसा होतो ते दाखवतात, तळघरातली लाकडी पिंपे दाखवतात, शेवटी तीन पेल्यांत थोडी थोडी वाइन चाखायला देतात. त्याआधी सर्वांना खुर्च्यांवर बसवून वीस मिनिटांची एक फिल्म दाखवली. आपल्या अंकात फिल्मचे परीक्षण सहसा येत नाही. पण परतीच्या प्रवासात बसमध्ये या फिल्मवरून इतकी चर्चा झाली, की ती लिहून काढावी असे आम्हाला वाटले.

प्रथम चांगले सांगतो. चित्रण सुंदर आहे. गोलानच्या काळ्या दगडांतले मळे, पहाटेचे धुके, यंत्रातून पुढे सरकणाऱ्या बाटल्या, सगळे डोळ्यांना सुखावते. निवेदकाची हिब्रू स्पष्ट आहे, आमच्या वयाच्या कानांनाही समजेल अशी. आणि वीस मिनिटांत कोणालाही झोप लागली नाही. जेवणानंतरची वेळ होती हे लक्षात घेता ही मोठीच गोष्ट.

आता तक्रार. फिल्म संपते तेव्हा पडद्यावर एक चित्र येते : दोन माणसांच्या खांद्यांवर काठी आणि काठीला लोंबणारा भला मोठा द्राक्षांचा घड. हे चित्र आपण सर्वांनी हजारदा पाहिले आहे. कार्मेलच्या बाटलीवर ते आहे, पर्यटन मंत्रालयाच्या चिन्हातही आहे. मोशे रब्बेनूंनी कनान देश पाहायला पाठवलेले हेर एश्कोलच्या ओढ्यातून घड घेऊन आले, ती ही कथा. दरवर्षी शलाख लेखा या पाराशात आपण ती ऐकतो. निवेदक म्हणतो, आमचा उद्योग येथून सुरू झाला.

आमच्यातले एक गृहस्थ, ज्यांनी मुंबईत आणि येथेही वर्षानुवर्षे हज्जानचे काम केले, तिथल्या तिथे पुटपुटले, "अरे, पण ही दोन माणसे कोण?" आम्हाला वाटत आले होते की ते येहोशुआ आणि कलेव असावेत. पण गमारात, सोता या ग्रंथात, म्हटले आहे की घड आठ जणांनी उचलला, एकाने डाळिंब घेतले, एकाने अंजीर, आणि येहोशुआ व कलेव यांनी काहीच उचलले नाही. म्हणजे काठी वाहणारे हे ते लोक, ज्यांनी परत येऊन सांगितले की देश आपल्या रहिवाशांना गिळून टाकतो, तेथे जाऊ नका. घड त्यांनी दाखवला तो लोकांना घाबरवण्यासाठी : फळे एवढी, तर माणसे केवढी असतील!

चित्र बदला असे आमचे म्हणणे नाही. शंभराहून अधिक वर्षे ते चालत आले आहे. पण फिल्मची सारी रीत या चित्रात आली आहे. घड मोठा दाखवायचा आणि तो वाहणारा कोण, हे विचारायचे नाही.

इतिहासाचेच पाहा. फिल्मप्रमाणे या देशात आधी काही नव्हते, मग बॅरन एदमों दे रोथशिल्ड आले आणि द्राक्षारस सुरू झाला. बॅरनचे उपकार कोण नाकारील? १८८२ मध्ये रिशोन लेझियोन वसले, तेथे आणि झिखरोन याकोवला त्यांनी प्रचंड तळघरे बांधली, फ्रान्समधून तज्ज्ञ आणि वेली आणल्या. पण पुढचे फिल्म गाळते. मुळांना लागणाऱ्या फिलोक्सेरा नावाच्या किडीने वेली मेल्या, पुन्हा अमेरिकन मुळांवर कलमे करावी लागली. बॅरनची माणसे शेतकऱ्यांची द्राक्षे बाजारापेक्षा चढ्या भावाने घेत, त्यामुळे रस उदंड झाला आणि गिऱ्हाईक सापडेना. शेवटी बऱ्याच ठिकाणी वेली उपटून बदाम आणि संत्री लावली. १९०६ मध्ये कारभार शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे आला. तीच आजच्या कार्मेलची सुरुवात. तोवर जरा बरे दिवस आले, तर रशियात क्रांती झाली, १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी आली, इजिप्तचाही बाजार हातचा गेला. विकत घेणारे तिन्ही दरवाजे एकामागून एक बंद! ज्याने दुकान चालवले आहे त्याला या एका वाक्यात सगळा इतिहास कळेल. आणि याच रिशोनच्या तळघरात तरुण बेन-गुरियन यांनी मजुरी केली होती. इतके नाट्य असताना फिल्म बॅरनच्या टोपीवरच का थांबते, ते समजले नाही.

बॅरनच्या आधीही येथे काही नव्हते असे नाही. जेरुसलेममध्ये शोर कुटुंबाचा द्राक्षारसाचा धंदा १८४८ पासूनचा. हेब्रोनच्या आसपासचे अरब शेतकरी द्राक्षे पिकवीत, ती खाण्यासाठी, मनुकांसाठी आणि काकवीसारखा दाट पाक करण्यासाठी. त्यांच्या दाबुकी, हमदानी या जुन्या जातींची वाइन आता मोठ्या कौतुकाने विकली जाते. फिल्ममध्ये बाटली दिसते, शेतकरी दिसत नाही.

आणि यावने? आमच्यातले निम्मे लोक अश्दोदचे आणि रेहोवोतचे, यावने त्यांच्या दारातले. २०२१ च्या ऑक्टोबरात तेथे उत्खननात दीड हजार वर्षांपूर्वीची पाच मोठी द्राक्ष-कुंडे सापडल्याचे जाहीर झाले. वर्षाला सुमारे वीस लाख लिटर रस निघेल एवढा तो कारखाना. रस गाझाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांबट मडक्यांत भरून जहाजांनी परदेशी जाई. फरशीवर द्राक्षे पायांनी तुडवायची, रस उतारावरून हौदात जायचा, गाळ खाली बसू द्यायचा. मार्गदर्शक तरुणाने हे समजावताना बराच वेळ घेतला. आम्हाला मात्र लगेच उमगले. कोकणात आमच्या वाडवडिलांना शनिवार तेली म्हणत. बैल, घाणा, पेंड आणि निथळणारे तेल ज्यांच्या घराण्यात होते, त्यांना पिळून काढण्याची विद्या काय सांगायची?

पेल्यांची वेळ आली तेव्हा या तरुणाने एक वाक्य टाकले, जे आम्हाला खुपले. तो हसून म्हणाला, "आजी, ही काही किद्दूशची गोड वाइन नाही." फिल्ममध्येही गोड वाइनचा उल्लेख होतो तो जणू लाजिरवाण्या बालपणासारखा. खरे म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे हा धंदा त्या गोड बाटलीवर जगला. शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर ती बाटली ठेवणाऱ्या गरीब घरांनी तो जगवला. परदेशातल्या यहुदी घरांतही आधी तीच पोहोचली.

आपल्याकडे तर ती बाटलीही नव्हती. शुक्रवारी सकाळी आमच्या आया काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घालीत, दुपारी हाताने कुस्करून पातळ फडक्यातून गाळीत, आणि त्या सरबतावर बोरे पेरी हगाफेन म्हटले जाई. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली तेव्हाही आमचा किद्दूश अडला नाही. शुल्हान आरुखमध्ये मनुकांच्या रसावर किद्दूश चालतो असे स्पष्ट आहे. येथे आल्यावर काही शेजाऱ्यांनी आमच्या सरबताला नाक मुरडले, आणि आम्हीही हळूहळू लाजून बाटली आणू लागलो. आता साखरेच्या आजारामुळे डॉक्टर ना ती गोड वाइन पिऊ देत, ना तिरोश. असो.

उत्तम वाइनचा भाग मात्र फिल्मने चांगला केला आहे. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक कॉर्नेलियस ऑफ येथे आले आणि म्हणाले, गोलानची उंची आणि थंडी द्राक्षांना मानवेल. १९७६ मध्ये तेथे वेली लागल्या, १९८३ मध्ये कात्झरीनची याकेव सुरू झाली. तेथून इस्राएली वाइनला जगात मान मिळू लागला. आज देशात लहानमोठ्या तीनशेच्या आसपास याकेवी आहेत, वर्षाला साधारण चार कोटी बाटल्या निघतात.

पण "देशाच्या अर्थव्यवस्थेचा आधार" हे निवेदकाचे शब्द ऐकून आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले सभासद खुर्चीत सरळ बसले. वाइनची निर्यात वर्षाला पाच-सहा कोटी डॉलरच्या आसपास, त्यातली निम्म्याहून अधिक अमेरिकेला, आणि तेथेही मोठे गिऱ्हाईक कोशेर पाळणारे यहुदी. देशाची एकूण निर्यात शंभर अब्ज डॉलरच्या कितीतरी वर. म्हणजे हजारात एक भागही नाही. युरोपात तर गोलानच्या आणि वेस्ट बँकच्या बाटलीवर मूळ ठिकाण लिहावेच लागते, असे तेथील न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. मग हा धंदा महत्त्वाचा कशासाठी? आमच्या मते नेगेवसाठी. दिमोना, येरुहाम, बेअर शेवा येथे आपल्या लोकांना उतरवले तेव्हा भोवती वाळू आणि वारा होता. आज रामत नेगेवमध्ये ठिबक पाण्यावर वेली उभ्या आहेत, त्याच भागात जेथे अवदात आणि शिव्ताच्या जुन्या अवशेषांत दगडी कुंडे सापडतात. त्या बाटल्यांमुळे कोणाच्या नातवाला घराजवळ काम मिळत असेल, तर तो हिशेब डॉलरच्या आकड्यात धरू नये. फिल्मने नेगेवला दीड मिनिट दिले आहे.

आता मुख्य गोष्ट. कोशेर वाइनचे नियम फिल्म छान सांगते : वेलीची पहिली तीन वर्षांची फळे घ्यायची नाहीत, सातव्या वर्षी शमिता, शेकड्यातला एक भाग ओतून द्यायचा. आणि द्राक्ष चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत शब्बाथ पाळणाऱ्या यहुद्याशिवाय कोणी रसाला हात लावायचा नाही. रस आधी तापवून मेवुशाल केला तरच ही अडचण नाही. येथे निवेदक पुढे निघून जातो. आमचे लोक मात्र गप्प झाले.

कारण २०१८ मध्ये देशातल्या एका मोठ्या याकेवमध्ये काय झाले ते आम्ही बातम्यांत पाहिले होते. अधिक कडक कोशेर शिक्का हवा म्हणून इथिओपियाहून आलेल्या यहुदी कामगारांना रसापासून दूरच्या कामावर हलवले. शिक्का देणाऱ्यांना त्यांच्या यहुदीपणाबद्दल शंका होती. मुख्य रब्बी यित्झाक योसेफ यांनी त्याचा जाहीर निषेध केला, बोभाटा झाला आणि कारखान्याने माघार घेतली. पण ते कामगार त्या दिवशी घरी जाऊन मुलांना काय म्हणाले असतील, हे आम्हाला कोणी सांगायला नको. १९६२ मध्ये लग्नासाठी आपल्या आयांच्या, आज्यांच्या आणि त्यांच्या आज्यांच्या यहुदीपणाची चौकशी करण्याचा हुकूम निघाला होता. १९६४ च्या उन्हाळ्यात आपण जेरुसलेमच्या रस्त्यावर बसलो होतो. आमच्यातल्या एक मावशी तेव्हा कडेवर मूल घेऊन बसल्या होत्या, ते मूल आता साठीचे आहे. त्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी क्नेसेतमध्ये सांगितले की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. पंतप्रधान होते लेवी एश्कोल. त्यांचे मूळ आडनाव श्कोल्निक. एश्कोल म्हणजे द्राक्षांचा घड.

नियमाशी आमचे भांडण नाही. कशरूत आपण पाळतो आणि पाळत राहू. पण ज्या उद्योगात कोणाचा हात रसाला लागला यावर बाटलीची किंमत ठरते, त्याच्या फिल्ममध्ये वीस मिनिटांत एकही कामगार तोंड उघडून बोलत नाही. पीक, पिंप, पदक, मालक, पाहुणे सगळे आहेत. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे, गोष्ट लिहिणाऱ्याचा आहे.

त्याच मावशींनी शेवटी पेला खाली ठेवून त्या तरुणाला विचारले, "बाळा, ही द्राक्षे तोडली कोणी?" तो म्हणाला, "रात्री मशीन तोडते, गिवेरेत." "आणि मशीन चालवतो कोण?" तो जरा गोंधळला, मग प्रामाणिकपणे म्हणाला, "खरे सांगू? मला माहीत नाही. विचारून सांगतो." मुलगा चांगला होता. बस निघण्याआधी तो धावत आला आणि त्याने एक नाव सांगितले, कोणत्या गावचा तेही सांगितले. ते नाव आम्ही येथे छापत नाही, कारण त्या माणसाला आम्ही विचारलेले नाही.

याकेवच्या व्यवस्थापकांना आम्ही हिब्रूत पत्र पाठवले आहे, त्याची प्रत क्लबात पाहायला मिळेल. लाल वाइन चांगली होती, पांढरी आमच्या जिभेला आंबट लागली. सहलीला जरूर जा. तळघरात उतरायला बरेच जिने आहेत आणि खाली गारठा असतो, तेव्हा स्वेटर न्यावा. गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच लिफ्ट मागून घ्यावी, विचारल्याशिवाय ते दाखवत नाहीत.