काशीबाई कानिटकर : विषम विवाह आणि ‘पालखीचा गोंडा’

मराठीतील आरंभीच्या कादंबरीकर्त्या स्त्रियांमध्ये काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘रंगराव’ (१९०३) आणि ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) या त्यांच्या दोन कादंबऱ्या. त्यांच्या विवाहातील आरंभीच्या दुःखाचा त्यांच्या लेखनाशी, विशेषतः दुसऱ्या कादंबरीशी, काय संबंध लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काशीबाईंचा विवाह नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकर (१८५४–१९१८) यांच्याशी झाला. गोविंदराव इंग्रजी शिकत होते; पुढे ते न्यायखात्यात गेले आणि कवी व अनुवादक म्हणून नावारूपास आले. आपली पत्नी निरक्षर आहे, शिवाय दिसायला मनासारखी नाही, ही त्यांची नाराजी काशीबाईंपर्यंत पोहोचली होती. सासरी मात्र बायकांनी वाचणे हेच वावगे मानले जाई. म्हणजे वाचले नाही तर पती नाराज आणि वाचले तर घर नाराज, अशा कोंडीत या मुलीने अक्षरे गिरवली. सरोजिनी वैद्य यांनी संपादित केलेल्या त्यांच्या आत्मचरित्रामुळे हा तपशील आपल्याला उपलब्ध झाला आहे.

ही कथा बहुधा सुखान्त म्हणून सांगितली जाते. पत्नी शिकली, पती प्रसन्न झाला, त्याच्या उत्तेजनाने ती लेखिका झाली. हे खोटे नाही; परंतु ते अपुरे आहे. सुधारणेच्या चळवळीचा बराचसा विचार पुरुषांनी केला. सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्म सभा स्थापन केली, त्या काळापासून गुजराती आणि मराठी सुधारक एकमेकांच्या जवळ होते. पुढच्या पिढीच्या सुशिक्षित पुरुषाला शिकलेली पत्नी हवीशी वाटू लागली. पण ती शिकेपर्यंत तिच्या वाट्याला येणारा अपमान कोणी हिशेबात धरला नाही. काशीबाईंच्या बाबतीत शिक्षण हा हक्क म्हणून आला नाही. नापसंतीतून सुटण्याची अट म्हणून आला.

या अनुभवामुळे त्यांच्या दृष्टीला एक धार आली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिताना ती दिसते. गोपाळरावांनी पत्नीला शिकवले, म्हणून त्यांचा गौरव करणे सोपे होते. काशीबाईंनी तो केला तरी शिकवणाऱ्या हाताचा मारही झाकला नाही. लहानपणी सोसलेल्या मारहाणीविषयी स्वतः आनंदीबाईंनी जे लिहिले, तेही वाचकांसमोर ठेवले. चरित्रनायिकेला केवळ पतीची निर्मिती मानण्यास त्या तयार नव्हत्या.

‘पालखीचा गोंडा’ गोविंदरावांच्या निधनानंतर दहा वर्षांनी पुस्तकरूपाने आली. या कादंबरीत एका बुद्धिमान मुलीचा विवाह मतिमंद राजाशी लावून दिला जातो. पालखी हे वैभवाचे चिन्ह आणि गोंडा ही तिची शोभा. स्त्रीने आयुष्यभर शोभेची वस्तू म्हणून राहावे का, असा प्रश्न शीर्षकातूनच सुचतो. राणी मात्र राज्यकारभार हाती घेते, स्त्रियांना शिक्षण देते आणि कारभारातील जबाबदाऱ्या त्यांच्याकडे सोपवते. येथे लेखिकेच्या जीवनाचे सरळ प्रतिबिंब शोधणे चूक ठरेल, कारण मांडणी नेमकी उलटी आहे. प्रत्यक्षात पती विद्वान आणि पत्नी निरक्षर होती. कादंबरीत पत्नी समर्थ आणि पती असमर्थ आहे. पतीच शिक्षक असेल तर स्त्रीची प्रत्येक प्रगती त्याच्या खात्यावर जमा होते. ते खातेच काशीबाईंनी या रचनेतून बंद केले. कल्पनेतल्या राणीला कोणाची पसंती मिळवायची नाही.

या संदर्भात रुकैया सखावत हुसेन (१८८०–१९३२) यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांचे ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५ साली प्रसिद्ध झाले. त्यातही राज्य स्त्रियांचेच आहे. पुरुष मर्दान्यात बंद आहेत. रुकैयांना पतीचा पाठिंबा होता आणि त्यांच्या निधनानंतर रुकैयांनी मुलींची शाळा काढली. भाषा, धर्म आणि वैवाहिक अनुभव भिन्न असूनही दोघींना स्त्रियांचे राज्य कल्पावेसे वाटले, ही गोष्ट बोलकी आहे. त्यावरून असे म्हणता येते की दुःखी विवाह हे अशा लेखनाचे एकमेव कारण नव्हे. मात्र रुकैयांची कथा उपरोधाने हसवते, तर काशीबाईंच्या कल्पनेच्या तळाशी फसवणुकीने झालेला विवाह आहे. तो फरक अनुभवाचा आहे, असे मला वाटते.

कादंबरीला मर्यादा आहेत. राणीला सत्ता मिळते ती राजाची पत्नी म्हणूनच. सुधारणा वरून, हुकमाने होते. सामान्य स्त्रीला स्वतः झगडावे लागत नाही. विवाहाबाहेर स्त्रीला अधिकाराचे दुसरे दार त्या काळी दिसत नव्हते, याचीच ही साक्ष मानावी लागेल.

आपल्या महाविद्यालयांत मुलींची संख्या वाढली, याचे समाधान आपण मानतो. पण ‘चांगले स्थळ मिळावे म्हणून पदवी’ हे कारण आजही पालकांच्या तोंडी ऐकू येते. हे काशीबाईंच्या बालपणीच्या अटीचेच नवे रूप आहे. त्यांचे लेखन वर्गात शिकवताना ‘पतीने घडवलेली लेखिका’ हे ठरीव वाक्य बाजूला ठेवावे आणि ती मुलगी कोणत्या भीतीने शिकू लागली व पुढे ते शिक्षण तिने स्वतःचे कसे केले, हे विद्यार्थिनींना विचारावे. उत्तरे त्यांच्याकडे आपल्यापेक्षा अधिक असतील.